राजम्याच्या दोन कुळांचा संकर अवघड का ठरतो?

उत्तर भारतातील लाल राजमा, कोवळ्या शेंगांच्या भाजीचा श्रावण घेवडा आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा वाघ्या घेवडा ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. ‘फॅसिओलस व्हल्गॅरिस’ हे तिचे शास्त्रीय नाव. मात्र तिच्या वाणांचे दोन स्वतंत्र जनुकसमूह असून, त्यांचे गुण एकत्र आणणे हे पैदासकारांपुढील जुने आव्हान आहे. वाढत्या तापमानामुळे त्याची निकड वाढली आहे.

दोन उगमस्थाने

रानटी घेवडा मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या वायव्य भागापर्यंत आढळतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार, त्याचे मध्य अमेरिकी आणि अँडियन गट सुमारे १ लाख ६५ हजार वर्षांपूर्वी विभक्त झाले. पुढे सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी दोन्ही प्रदेशांतील शेतकऱ्यांनी तो स्वतंत्रपणे लागवडीखाली आणला. मध्य अमेरिकी दाणे लहान वा मध्यम असतात, तर अँडियन वाणांच्या १०० दाण्यांचे वजन सहसा ४० ग्रॅमहून अधिक भरते.

संकराची गरज

पूर्व आफ्रिकेत घेवडा हा प्रथिनांचा रोजचा स्रोत असून, तेथे मोठ्या दाण्यांच्या अँडियन वाणांना विशेष पसंती आहे. उत्पादनक्षमता आणि अवर्षण सोसण्याची शक्ती मात्र सर्वसाधारणपणे मध्य अमेरिकी वाणांत अधिक आढळते. रोगांच्या बाबतीतही हे अंतर महत्त्वाचे आहे. शेंगांवरील करपा आणि पानांवरील कोनीय ठिपके या रोगांच्या बुरशा दोन्ही कुळांसोबत वेगवेगळ्या विकसित झाल्या. त्यामुळे एका कुळाला सरावलेली बुरशी रोखणारी जनुके अनेकदा दुसऱ्या कुळात सापडतात.

अडथळा आणि तोडगा

अनेक मध्य अमेरिकी वाणांत ‘डीएल-१’, तर अनेक अँडियन वाणांत ‘डीएल-२’ हे जनुक असते. स्वतंत्रपणे दोन्ही निरुपद्रवी. पण एकाच रोपात आल्यास मुळांची वाढ खुंटते आणि रोप खुजे राहते किंवा मरते. तापमान वाढले की हा दोष तीव्र होतो. पहिल्या पिढीतील संकरित रोपाने बी धरलेच, तर दुसऱ्या पिढीतील दर १६ पैकी सरासरी ७ रोपे या घातक जोडीतून सुटतात.

यावर तोडगा म्हणजे ‘सेतू-वाण’. ज्यात यांपैकी एकही जनुक नाही, असा वाण आधी मध्य अमेरिकी वाणाशी आणि मग त्याची संतती अँडियन वाणाशी संकरित केली जाते. त्यातून साधारण निम्मी रोपे निकोप निघतात. कोलंबियातील पालमिरा येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी केंद्राच्या बियाणे पेढीत जपलेले घेवड्याचे हजारो नमुने अशा शोधासाठी आधार ठरतात.

शेवटची कसोटी

निकोप रोप मिळाले तरी काम संपत नाही. दूरच्या संकरात दाण्याचा आकार आणि रंग विखुरतो, उत्पादनही घटू शकते. म्हणून हवे ते जनुक जनुकीय खुणांच्या साह्याने जपत, संततीचा मूळ लोकप्रिय वाणाशी अनेक पिढ्या पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो. रोगाला दाद न देणारा दाणा ओळखीच्या रंगाचा, आकाराचा आणि चवीचा नसेल, तर शेतकरी तो पेरत नाही आणि बाजारही तो स्वीकारत नाही.