शेगावचा सेवाधारी घरी काय घेऊन जातो?

बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावला दर्शनाला गेलेल्या माणसाची गाठ गजानन महाराजांच्या आधी सेवाधाऱ्यांशी पडते. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी आणि लहानथोर सगळ्यांना एकच हाक, ‘माऊली’. ‘माऊली, रांगेत या.’ ‘माऊली, पुढे सरका.’ कुणी चपला सांभाळतो, कुणी फरशी पुसतो, कुणी महाप्रसादाच्या पंगतीत वाढतो. यात खेड्यापाड्यांतले शेतकरी आहेत, नोकरदार आहेत, निवृत्त मास्तर आहेत. गावोगावच्या तुकड्या पाळीपाळीने येतात, काही दिवस राबतात आणि परत आपापल्या कामाला लागतात. मोबदला काही नाही. उलट ही सेवा मिळावी म्हणून नाव नोंदवून पाळीची वाट पाहावी लागते.

घरची कामं पडलेली असताना परक्यांच्या चपला उचलायला माणूस वाट पाहत का थांबतो? भक्ती हे उत्तर खरं आहे, आणि सेवाधाऱ्याला तेवढं पुरेसं असतं. पण घरी जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पुढे महिनोन्महिने टिकतं. ते कशाचं बनलेलं आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ती मुळात रंजक होती आणि मुलं मोकळ्या वेळेतही त्यांत रमायची. मग एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले आणि पुढच्या खेपेला ते बंद केले. पैसे थांबल्यावर त्या मुलांचा मोकळ्या वेळेतला रस आधीपेक्षा कमी झाला. आपण हे कशासाठी करतो, याचं त्यांच्या मनातलं उत्तरच बदललं होतं. याचा आधार घेऊन कुणी मजुराची मजुरी कापू नये. घामाचे दाम मिळालेच पाहिजेत. पण माणसाला आतून करावंसं वाटणारं काम वेगळ्या हिशोबाने चालतं, आणि सेवाधाऱ्याचं काम त्या हिशोबात बसतं.

दुसरा अभ्यास १९७८ सालचा, फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी लॉटरी लागलेल्या माणसांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं. ही माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी निघाली नाहीत. रोजच्या साध्या गोष्टींतला, न्याहारीतला, गप्पांतला त्यांचा आनंद तर इतरांपेक्षा कमी भरला. अभ्यास लहान होता, पण आपला अनुभवही हेच सांगतो. ट्रॅक्टर दारात आला की चार महिने कौतुक असतं, मग ते दारातलं लोखंड होतं. मुलाला नोकरी लागली, मुलीचं लग्न पार पडलं, घरावर स्लॅब टाकला; प्रत्येक वेळी आनंद झाला आणि प्रत्येक वेळी तो ओसरला. यात त्या गोष्टींचा दोष नाही. ध्येय गाठलं की संपतं. दारी आलेला उपाशी जाऊ द्यायचा नाही, खोटं माप द्यायचं नाही, ही मूल्यं मात्र संपत नाहीत. ती आजही पाळता येतात, उद्याही, आणि त्यासाठी कुठलाही निकाल लागायची वाट पाहावी लागत नाही. ॲरिस्टॉटलने सुखाला मनाची लहर न मानता चांगल्या वागण्यात रमलेलं आयुष्य मानलं, ते याच अर्थाने. गीतेतला फळाची आस सोडून केलेल्या कर्माचा विचार आपल्या खेड्यातल्या अडाणी म्हातारीलाही ठाऊक असतो.

हे आयुष्यभर जगून दाखवणारा माणूस शेगावचाच. शिवशंकरभाऊ पाटील. जन्म १९४०, निधन ४ ऑगस्ट २०२१. कित्येक दशकं त्यांनी गजानन महाराज संस्थानचा कारभार पाहिला. भक्तनिवास, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालय, आनंदसागर उद्यान हे सगळं त्यांच्या काळात उभं राहिलं किंवा वाढलं. व्यवस्थापन शिकणारे लोक शेगावचा अभ्यास करायला येत. आणि भाऊ? संस्थानचं पाणीसुद्धा ते पीत नसत, असं जिल्ह्यात कुणीही सांगेल. हारतुरे, व्यासपीठ यांपासून ते लांब राहिले. स्वतःला सेवकच म्हणवत.

मला यात त्यागापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. रोज हजारो निर्णय, देणग्यांचा ओघ, मोठ्यामोठ्यांची ये-जा, अशा जागी बसलेल्या माणसाची ओढाताण किती होत असेल! पण ‘पैसा महाराजांचा, मी सेवक’ एवढं एक ठरलं की निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत. ठरलेलं मूल्य माणसाला मोकळं करतं. ज्याचं ठरलेलं नाही, तो प्रत्येक प्रसंगी नव्याने स्वतःशी भांडतो आणि त्यातच थकतो.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी विवेकानंदांच्या विचारावर असंच काम उभं केलं. तिथे विवेकानंद जयंतीला शेतात बसलेल्या अफाट पंगतींना ट्रॅक्टरमधून पुरी-भाजी वाढली जाते. वाढणारे पुन्हा गावोगावचे स्वयंसेवकच.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या पश्चिम विदर्भातला आहे. २००६ मध्ये केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलडाणा होता. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर प्यायच्या गोड्या पाण्याचीच मारामार. कर्जात बुडालेल्या माणसाला ‘जीवनाचा हेतू शोध’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याला भाव हवा, पाणी हवं, वेळेवर विम्याचे पैसे हवेत. हेतू भाकरीची जागा घेत नाही. पण भाकरी मिळालेल्या घरांतही पोकळी असते, आणि ती दुसऱ्या भाकरीने भरत नाही, हेही तितकंच खरं.

मग आपली मूल्यं ओळखायची कशी? पुस्तकी यादीतून ती सापडत नाहीत. कोणतं काम केल्यावर अंग दुखतं पण मन ताजं असतं, ते आठवावं. आपल्याच कोणत्या वागण्याची रात्री लाज वाटते, तेही आठवावं. कारण लाज वाटते तिथे आपलं काहीतरी मोडलेलं असतं. मग आपल्या आठवड्याकडे पाहावं. जे मोलाचं म्हणतो, त्याला त्यात किती तास मिळतात? बहुतेकांचं दुखणं या उत्तरातच सापडतं. ते बदलायला संन्यास लागत नाही. सेवाधारीसुद्धा वर्षातले थोडेच दिवस देतो, बाकी वर्षभर तो शेतकरी, कारकून किंवा दुकानदारच असतो.

पुढच्या खेपेला शेगावला गेलात, तर दर्शन झाल्यावर लगेच कचोरीच्या दुकानाकडे वळू नका. पाळी संपवून घरी निघालेल्या एखाद्या सेवाधाऱ्याला थांबवून विचारा, ‘माऊली, तुम्ही का येता?’ आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐका.