निखाऱ्यावरील मांस आणि चिमिचुरी

अर्जेंटिनातील पँपास हा विस्तीर्ण गवताळ प्रदेश गुरांच्या कळपांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील गाउचो नावाच्या गुराख्यांमध्ये निखाऱ्यांवर मांस भाजण्याची प्रथा रूढ झाली. तिलाच ‘असादो’ म्हणतात. गोमांसाचा जाड काप, म्हणजे स्टेक, लोखंडी जाळीवर भाजून त्याबरोबर ‘चिमिचुरी’ नावाची आंबट, झणझणीत चटणी वाढतात. या साध्या पाकक्रियेमागे रसायनशास्त्राचे नियम कसे कार्य करतात, ते पाहू.

मांसाचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचे उष्णतामान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. पृष्ठभाग सुकला की उष्णतामान चढते आणि सुमारे १४० अंशांपुढे अमिनो आम्ले व शर्करा यांची परस्परांवर वेगाने विक्रिया होऊ लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ साली तिचे वर्णन केले. भाजलेल्या मांसाचा तपकिरी रंग व खमंग वास तिच्यामुळेच येतो. म्हणूनच मांस भाजण्यापूर्वी टिपून कोरडे करतात. मात्र ते करपून काळे होऊ देऊ नये. अतिउष्णतेने त्यात काही अपायकारक द्रव्ये निर्माण होतात.

प्रखर आचेने मांसावर कवच तयार होऊन आतील रस कोंडला जातो, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८४७ च्या सुमारास प्रतिपादन केले. ते मत दीर्घकाळ प्रचलित राहिले. परंतु १९३० नंतरच्या दशकातील प्रयोगांनी ते खोटे ठरविले. त्याचा पुरावा कानांनीही ऐकता येतो. कवच तयार झाल्यावरही मांस चुरचुरत राहते, याचा अर्थ रस बाहेर येतच असतो. हा तांबूस रस रक्त नव्हे. ते मायोग्लोबिन हे प्रथिन मिसळलेले पाणी होय.

मांस आतून किती शिजवावे, हा केवळ रुचीचा प्रश्न नाही. अखंड कापात रोगजंतू बहुधा पृष्ठभागावर असतात व आचेने मरतात. खिमा करताना मात्र तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणून अखंड काप ६३ अंशांपर्यंत शिजवून तीन मिनिटे तसाच ठेवावा आणि खिमा ७१ अंशांपर्यंत शिजवावा, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक आहे. रंगावरून अनुमान न काढता उष्णतामापक वापरणे हाच खात्रीचा मार्ग होय.

चिमिचुरीत बारीक चिरलेली पार्सली, लसूण, ओरेगानो, लाल मिरची, तेल, मीठ व शिरका असतो. लसूण चिरताच त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतील एका विकराच्या क्रियेने ॲलिसिन हे उग्र वासाचे द्रव्य तयार होते. शिरक्याची आम्लता मांसातील स्निग्धपणाला उतारा ठरते व अनेक जंतूंची वाढही रोखते. केवळ तेलात बुडविलेल्या कच्च्या लसणास मात्र हवा मिळत नाही. तो बाहेर ठेवल्यास बॉट्युलिझम या प्राणघातक विषबाधेचे जंतू त्यात वाढू शकतात. घरगुती चटणीतील शिरक्याचे प्रमाण निश्चित नसते. म्हणून ती शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावी.

परंपरेने शिकविलेल्या कृतीची कारणे समजली, म्हणजे तीतील कोणती गोष्ट जपावी व कोणती टाकावी, हे ज्याचे त्याला ठरविता येते.