खडी गेली, पाणी आलं

इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटेनबरो नावाचं गाव आहे. हो, निसर्ग-माहितीपटांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटेनबरोंचं आडनाव तेच! इथल्या पाणथळ अभयारण्याचं उद्घाटन 1966 साली त्यांनीच केलं. 2005 मध्ये पाण्याने वेढलेलं माहिती केंद्र उघडायलाही तेच आले.

आणि ही सगळी तळी म्हणजे जुने खड्डे! 1929 पासून इथून बांधकामासाठी खडी-वाळू काढली जात होती. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरा काढतात ना, तसंच झालं, फक्त यंत्राच्या मापाने. खणत गेले तसं जमिनीतलं पाणी आपसूक भरत गेलं. ना कालवा, ना धरण.

इथली महाराणी म्हणजे डोक्यावर तुरा मिरवणारी मोठी टिबुकली, आपल्या तळ्यातल्या टिबुकलीची थोरली बहीण. एकोणिसाव्या शतकात टोप्या सजवायला पिसं हवीत म्हणून हिची इतकी शिकार झाली की ब्रिटनमधून ती नाहीशी व्हायची वेळ आली. पुढे कायद्याने संरक्षण दिलं आणि खडीच्या खाणींनी घरं दिली. विणीच्या दिवसांत नर-मादी चोचीत पाणवनस्पती धरून, छातीला छाती भिडवून पाण्यात चक्क उभे राहतात! पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. आणि आईबाप त्यांना माशांबरोबर स्वतःची पिसंही भरवतात. पोटात त्यांचा गोळा होतो आणि काटे टोचत नाहीत. पिसं खाऊ घालणारी आई मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

छोटा चिखल्या हा पक्षी तर खाण चालू असतानाच राहायला येतो. उघड्या खडीवर अंडी घालतो. ती हुबेहूब गोट्यांसारखी. ब्रिटनमध्ये त्याची पहिली वीण 1938 सालची, आणि तिथे तो पसरला तो मुख्यतः अशा खाणींमुळेच. काही पाकोळ्यांनाही खाणीचा उभा कापलेला काठ सोयीचा पडतो. त्यात बिळं कोरून त्या घरटी करतात.

2020 मध्ये नॉटिंगहॅमशायर वाइल्डलाइफ ट्रस्टने लोकवर्गणीच्या बळावर 10 लाख पौंडांना ही जागा खाण कंपनीकडून कायमची विकत घेतली. माझ्या मते या खाणीतून निघालेल्या सगळ्या खडीपेक्षा हा सौदा मोलाचा.

हिवाळ्यात गेलात तर बोरूच्या बेटाकडे टक लावून बघा. बिटर्न नावाचा बगळ्याच्या कुळातला तपकिरी पक्षी तिथे मान आणि चोच आभाळाकडे ताणून उभा असतो. वारा आला की बोरूबरोबर तोही डोलतो. समोर असून दिसत नाही!