रॉ छायाचित्र संपादन सॉफ्टवेअर

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली, कॅमेऱ्यात पूर्ण प्रक्रिया न झालेली प्रकाशाची नोंद ज्या फाइलमध्ये साठवली जाते तिला रॉ फाइल म्हणतात. या फाइलपासून पाहण्याजोगे छायाचित्र तयार करणारी संगणकप्रणाली म्हणजे रॉ छायाचित्र संपादन सॉफ्टवेअर होय. ॲडोबी लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. याखेरीज कॅमेरा बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपापले सॉफ्टवेअर देतात. नवशिक्या छायाचित्रकार यांतून निवड करताना सहसा साधनांची संख्या आणि नावाची प्रसिद्धी पाहतो. मात्र केलेले संपादन नेमके कोठे साठवले जाते आणि पुढे सॉफ्टवेअर बदलावे लागल्यास त्यातले काय हाती उरते, हा प्रश्न दीर्घकाळाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

रॉ फाइलचे स्वरूप

कॅमेऱ्याचा संवेदक स्वतः रंग ओळखत नाही. तो केवळ प्रकाशाची तीव्रता मोजतो. म्हणून त्यावर लाल, हिरव्या व निळ्या सूक्ष्म गाळण्यांची जाळी बसवलेली असते. सर्वाधिक प्रचलित रचना ईस्टमन कोडॅक कंपनीतील शास्त्रज्ञ ब्राइस बेयर यांची असून तिला १९७६ साली एकस्व मिळाले. या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या आणि पाव-पाव लाल व निळ्या असतात. प्रत्येक पिक्सेलपाशी अशा रीतीने एकाच रंगाची नोंद होते व उरलेल्या दोन रंगांचा अंदाज शेजारच्या पिक्सेलांवरून बांधावा लागतो. रॉ फाइल उघडताना सॉफ्टवेअरला करावे लागणारे हे एक प्रमुख काम आहे. हा अंदाज बांधण्याच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने एकच फाइल दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यास दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात. त्यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असे नसते.

जेपीईजी प्रकारात प्रत्येक रंगासाठी ८ बिट, म्हणजे उजळपणाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉ फाइल बहुधा १२ किंवा १४ बिटची असते. तिच्यात अनुक्रमे ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. शिवाय श्वेत संतुलन, म्हणजे पांढरा रंग पांढरा दिसावा यासाठी केलेली रंगांची जुळवणी, रॉ फाइलमध्ये पक्की झालेली नसते. कॅमेऱ्याने निवडलेले मूल्य केवळ टिपणासारखे सोबत असते आणि नंतर हानीविना बदलता येते. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तेथील मंद प्रकाशात काढलेल्या छायाचित्राचा रंग जेपीईजीमध्ये दुरुस्त करू गेल्यास चित्र लवकर विटते. रॉ फाइलमध्ये तेच काम पुष्कळ सुकर होते.

तथापि रॉ फाइल चुकलेले सर्व काही सावरून घेते हा समज योग्य नाही. संवेदकाची नोंद प्रकाशाच्या सरळ प्रमाणात होते. त्यामुळे १४ बिटच्या फाइलमधील १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या, म्हणजे ८,१९२, सर्वांत उजळ टप्प्यासाठीच खर्ची पडतात आणि सावलीच्या भागाला फारच थोड्या उरतात. काळोखे छायाचित्र नंतर उजळ केले की त्यात खरखरीत ठिपके दिसू लागतात, याचे एक कारण हे, आणि दुसरे म्हणजे तेथे मुळात प्रकाशच कमी पोहोचलेला असतो. उलट, आकाशाचा जो भाग संवेदकाच्या मर्यादेपलीकडे उजळ झाला आहे त्याची नोंदच उरत नाही. तो कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

रॉ फाइलचे एकच सर्वमान्य स्वरूप नाही. निकॉनच्या फाइली एनईएफ, सोनीच्या एआरडब्ल्यू, फुजीफिल्मच्या आरएएफ, तर कॅननच्या पूर्वी सीआर२ व २०१८ पासून सीआर३ या प्रकारांत असतात. ॲडोबी कंपनीने २००४ साली डीएनजी हे खुले स्वरूप जाहीर केले. त्याचे नाव ‘डिजिटल निगेटिव्ह’ या शब्दांवरून आले आहे. फिल्मच्या काळातील निगेटिव्हप्रमाणे रॉ फाइल हे साधन असते, साध्य नव्हे, असा त्याचा आशय आहे.

संपादनाची साठवण

अशा सॉफ्टवेअरमध्ये मूळ रॉ फाइलमधील प्रकाशाच्या नोंदीला सहसा धक्का लावला जात नाही. छायाचित्रकाराने केलेले बदल सूचनांच्या रूपात वेगळे नोंदवले जातात: उजळपणा इतका वाढवा, कडा इतकी कापा, निळा रंग इतका उतरवा. पाककृती आणि कोरडा शिधा वेगवेगळा ठेवावा तसे हे आहे. शिधा तोच राहतो आणि कृती हवी तितक्या वेळा बदलता येते. शेवटी निर्यात केल्यावर जेपीईजी किंवा टिफ प्रकारची स्वतंत्र फाइल तयार होते.

या सूचना ठेवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक रॉ फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी जोडफाइल तयार होते. रॉथेरपीची जोडफाइल पीपी३ प्रकारची, तर डार्कटेबलची एक्सएमपी प्रकारची असते. दुसऱ्या पद्धतीत सर्व सूचना एका विदागारात एकत्र साठवल्या जातात. लाइटरूम क्लासिक त्याला कॅटलॉग म्हणते. कॅटलॉगमध्ये छायाचित्रे नसतात, ती कोठे आहेत याचे पत्ते आणि त्यांवरील सूचना असतात. हा भेद लक्षात न आल्याने अनेक नवशिके सॉफ्टवेअरच्या बाहेरून फोल्डर हलवतात आणि मग छायाचित्रे ‘सापडत नाहीत’. कॅटलॉगची प्रत ठेवली म्हणजे छायाचित्रांचीही प्रत ठेवली, हा गैरसमज तर अधिक घातक ठरतो. डार्कटेबल विदागार आणि जोडफाइल या दोन्हींचा वापर करते, त्यामुळे विदागार बिघडले तरी जोडफाइलींवरून काम पुन्हा उभे करता येते.

एका सॉफ्टवेअरच्या सूचना दुसऱ्याला पूर्णपणे समजत नाहीत. एक्सएमपी हे नाव ॲडोबी आणि डार्कटेबल दोहोंकडे आढळत असले, तरी आतला मजकूर भिन्न असतो. लाइटरूममधील काही मोजके बदल डार्कटेबलला वाचता येतात, सगळे नाहीत. सॉफ्टवेअर बदलणाऱ्याच्या हाती मूळ रॉ फाइली राहतात. त्यांवर घेतलेले कष्ट मात्र बहुतांशी मागे पडतात.

बंद पडलेली सॉफ्टवेअर

वरील धोका काल्पनिक नाही. ॲपल कंपनीने २००५ साली आणलेल्या ॲपर्चर या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे जून २०१४ मध्ये जाहीर केले. २०१९ सालच्या मॅकओएस कॅटलिनापासून ते चालेनासे झाले. निकॉनने २०१४ मध्ये कॅप्चर एनएक्स २ च्या जागी कॅप्चर एनएक्स-डी आणले. जुन्या सॉफ्टवेअरमधील लोकप्रिय नियंत्रणबिंदूंचे साधन नव्यात सुरुवातीला नव्हते. घरोघरी वापरले जाणारे गुगलचे पिकासा २०१६ साली बंद झाले. लाइटरूमची सहावी आवृत्ती ही एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती ठरली. २०१७ नंतर तिच्यात नव्या कॅमेऱ्यांच्या फाइली उघडण्याची सोय येणे थांबले. जुनी आवृत्ती असणाऱ्यांना ॲडोबीच्या मोफत परिवर्तकाने नव्या फाइली डीएनजीमध्ये बदलून घेण्याचा मार्ग उरतो.

कॅमेरा उत्पादकांची सॉफ्टवेअर

पहिल्यांदा रॉ फाइल हाताळणाऱ्याने आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर आधी पाहावे, हे उत्तम. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे २०२१ साली आलेले एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप ही त्या त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना विनामूल्य मिळतात. कॅमेऱ्यात निवडलेली चित्रशैली त्यांना तंतोतंत कळते. त्यामुळे फाइल उघडताक्षणी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले चित्रच समोर येते. नवशिक्यासाठी हे महत्त्वाचे आहे; अन्य सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली रॉ फाइल प्रथमदर्शनी फिकट व निस्तेज वाटते आणि कॅमेरा बिघडला की काय अशी शंका येते. फुजीफिल्मच्या एक्स रॉ स्टुडिओची रीत आणखी निराळी आहे. त्यात कॅमेरा केबलने संगणकाला जोडावा लागतो व सगळी प्रक्रिया कॅमेऱ्यातील प्रोसेसरच करतो, म्हणून साधा संगणकही पुरतो.

या सॉफ्टवेअरची मर्यादा म्हणजे ती मुख्यतः स्वतःच्याच कंपनीच्या रॉ फाइलींसाठी असतात. चित्राच्या ठरावीक भागापुरते बदल करण्याची साधनेही त्यांत तुलनेने तोकडी आढळतात.

रॉथेरपी व डार्कटेबल

मुक्तस्रोत रॉ सॉफ्टवेअरची परंपरा डेव्ह कॉफिन यांनी १९९७ साली सुरू केलेल्या डीसीरॉ या छोट्या प्रणालीपर्यंत मागे जाते. निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या फाइली कशा वाचायच्या हे तिने खुले केले आणि पुढील अनेक सॉफ्टवेअरनी तिचा आधार घेतला. रॉथेरपीची सुरुवात हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांनी केली. जानेवारी २०१० मध्ये ते जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली खुले झाले. डार्कटेबल २००९ साली आले आणि दीर्घकाळ लिनक्स व मॅक वापरणाऱ्यांपुरते राहिले. विंडोजसाठीची अधिकृत आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली. दोन्ही विनामूल्य असून विद्यार्थ्यांना आपल्या घरच्या व शाळेच्या संगणकांवर निःसंकोच वापरता येतात.

दोहोंत नवशिक्याला रॉथेरपी लवकर हाती येते. कॅमेरा बहुतेक रॉ फाइलींत एक छोटे जेपीईजी चित्रही ठेवत असतो. २०१८ मधील ५.४ या आवृत्तीपासून रॉथेरपी ते चित्र पाहून उजळपणाची वक्ररेषा आपोआप जुळवते. पहिले दर्शन त्यामुळे ओळखीचे होते. सॉफ्टवेअर फोल्डरनिहाय काम करते. फाइली आधी आयात करण्याचा सोपस्कार नाही. चित्राच्या ठरावीक भागावर काम करण्याची साधने मात्र त्यात २०२२ सालच्या ५.९ या आवृत्तीतच आली आणि ती समजायला वेळ लागतो. खरखर कमी करणे वा रेखीवपणा वाढवणे यांचा परिणाम चित्र शंभर टक्के मोठे करून पाहिल्याखेरीज नीट दिसत नाही. हे ठाऊक नसलेला वापरकर्ता सरकपट्ट्या उगाच टोकापर्यंत ओढत राहतो.

डार्कटेबल अधिक समर्थ आहे, पण अधिक संयमाची अपेक्षा करते. त्याची साधने विभागांत वाटलेली असून त्यांची संख्या गोंधळवून टाकणारी आहे, शिवाय एकाच कामासाठी दोन-तीन पर्याय सापडतात. २०२० मधील ३.४ या आवृत्तीत नेहमीची नियंत्रणे एकत्र आणणारा फलक देण्यात आला. नव्याने शिकणाऱ्याने बराच काळ त्याच्या बाहेर न गेलेले बरे. चित्राचा हवा तो भाग निवडून त्यापुरताच बदल करण्याची मुखवट्यांची सोय हे डार्कटेबलचे खरे बलस्थान आहे. संगणकात वेगळे ग्राफिक कार्ड असल्यास त्याचा उपयोगही ते करून घेते. दोन्ही सॉफ्टवेअर स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. म्हणून नवा कॅमेरा बाजारात आल्यावर त्याच्या फाइली उघडण्याची सोय येण्यास कधी विलंब लागतो. कॅमेरा खरेदीपूर्वी त्यांच्या संकेतस्थळांवरील यादी पाहणे श्रेयस्कर.

व्यापारी सॉफ्टवेअर

ॲडोबीने फोटोशॉपसाठी रॉ फाइली उघडणारे पूरक सॉफ्टवेअर २००३ मध्ये आणि लाइटरूमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००७ मध्ये आणली. शिकवणीचे व्हिडिओ, पुस्तके आणि अभ्यासवर्ग यांचा सर्वाधिक साठा लाइटरूमविषयीच उपलब्ध आहे. एकट्याने शिकणाऱ्यास हा मोठा आधार असतो. साधनांची मांडणी सुटसुटीत आहे. आकाश किंवा व्यक्ती आपोआप निवडण्याची सोयही त्यात आहे. परंतु ते वर्गणी भरूनच वापरता येते. वर्गणी थांबल्यावर लाइटरूम क्लासिक उघडते, छायाचित्रे पाहता व निर्यात करता येतात. संपादनाचा मुख्य विभाग मात्र बंद होतो. जो महिन्यातून एखादेच दिवशी संगणकावर बसतो त्याने ही वर्गणी वर्षभराच्या हिशेबाने मोजून पाहावी. फ्रान्समधील डीएक्सओचे फोटोलॅब एकरकमी किमतीला मिळते आणि खरखर कमी करण्यासाठी नावाजले जाते. मूळ डेन्मार्कचे कॅप्चर वन स्टुडिओतील व्यावसायिकांत प्रिय आहे. नवशिक्याने त्यापासून प्रारंभ करण्याचे विशेष कारण दिसत नाही.

संगणक, पडदा व साठवण

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल सामान्यतः २५ ते ३० मेगाबाइट जागा घेते. हजार छायाचित्रांना २५ ते ३० गिगाबाइट लागतात. जुन्या संगणकावर महागडे सॉफ्टवेअर घेण्यापेक्षा तोच पैसा अधिक स्मृती व बाह्य हार्ड डिस्क यांवर खर्च करणे हिताचे. पडद्याचा उजळपणा फार वाढवलेला असेल, तर संपादित चित्र छापल्यावर काळसर निघते. हा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो.

आवडते छायाचित्र पूर्ण झाले की त्याची १६ बिट टिफ प्रत काढून ठेवण्याची शिफारस अनेक छायाचित्रकार करतात, कारण टिफ उघडण्यासाठी मूळ सॉफ्टवेअर असावे लागत नाही. प्रती ठेवताना रॉ फाइलींबरोबर जोडफाइलीही घ्याव्यात. त्या आकाराने लहान आणि नावाने अनोळखी असल्याने निरुपयोगी समजून पुसल्या जाण्याची शक्यता असते.

भ्रमणध्वनीवरील रॉ छायाचित्रे

अँड्रॉइडच्या २०१४ सालच्या ५.० आवृत्तीपासून भ्रमणध्वनीवर डीएनजी प्रकारात छायाचित्र घेण्याची तांत्रिक सोय झाली. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ प्रो मालिकेत प्रोरॉ आणले. गुगलचे विनामूल्य स्नॅपसीड डीएनजी फाइली उघडते. ज्यांच्याकडे संगणक नाही अशा विद्यार्थ्यांना श्वेत संतुलन व उजळपणा यांचा सराव त्यावर करता येतो. भ्रमणध्वनीचा संवेदक लहान असल्यामुळे त्याच्या साध्या रॉ फाइलीत खरखर अधिक दिसते. फोनमधील नेहमीचे जेपीईजी अनेक चित्रे एकत्र करून तयार झालेले असते, म्हणून ते पुष्कळदा त्याच क्षणी टिपलेल्या रॉ फाइलीपेक्षा स्वच्छ वाटते.