गडव्याची सावली

शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना वस्तुचित्र आणि संकल्पचित्र या दोन प्रश्नपत्रिका आठवत असतील. एकीत समोर मांडलेली वस्तू काढायची, दुसरीत दिलेल्या आकारात नक्षी रचायची. अमरावतीत विद्यार्थी म्हणून मी त्या दिल्या, पुढे अकोल्यात चित्रकला शिकवताना मुलांकडून करून घेतल्या. या दोहोंचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र मला फार उशिरा कळले.

माझे छायांकन ठरलेले होते : डावीकडे उजेड, उजवीकडे काळोख, मध्ये एक पांढरा पट्टा. मुले तेच घोकत. एकदा वर्गात उजेड उजव्या खिडकीतून येत होता, तरी एकूणएक वह्यांत गडव्याची सावली उजवीकडेच पडली होती. कुणीही गडव्याकडे पाहिलेच नव्हते. चूक त्यांची नव्हती, शिकवणाऱ्याची होती.

वास्तविक छटा म्हणजे पृष्ठभागाच्या वळणाची नोंद. सपाट बाजूवर छटा बहुतेक सारखी राहते आणि कडेपाशी एकदम बदलते. आपल्याकडचा उभट गंज घेतला, तर ती आडवी सरकताना हळूहळू गडद होते, वरून खाली मात्र फारशी बदलत नाही. गडव्याच्या पोटावर ती दोन्ही दिशांनी बदलते. सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो. कारण खालच्या फळीवरून उसळलेला उजेड कडेला पुन्हा किंचित उजळतो. हे टिपायला एचबी आणि ४बी अशा दोन पेन्सिली पुरतात. बाह्यरेषा वस्तू कुठे संपते ते सांगते. ती कशी वळते, हे छटा सांगते. आणि वळण दिसले, की ‘असेच का?’ हा प्रश्न आपोआप येतो.

१९५८ साली चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला, त्यात याच साध्या तांब्याला असे प्रश्न विचारले होते : पाणी किती मावावे, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कुठे असावा, डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा धरला जाईल, ओतताना धार कशी पडेल. त्या अहवालातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

त्या खिडकीच्या प्रसंगानंतर मी सूत्र बंद केले. एका मुलीच्या चित्रात सर्वांत काळी जागा गडव्याच्या काठाखाली, गळ्याशी आली. तिने तिथे बोटे ठेवून पाहिली. पकड तिथेच बसते. तिच्या आजीची बोटे सांधेदुखीने नीट मिटत नसत. पुढच्या पानावर तिने तोच गळा जरा रुंद आणि उथळ केला, काठ थोडा बाहेर काढला. दिसायला ते चित्र ओबडधोबड होते, पण माझ्या वर्गातले ते पहिले खरे संकल्पचित्र.

मेळघाटातले बांबूचे टोपलेही असेच शिकवते. पट्ट्या काटकोनात ओवल्यामुळे अनेक टोपल्यांचे बूड चौकोनी असते, तोंड मात्र गोल. छायांकन करताना खालची धारदार कड वर जाता जाता कुठे विरते, ते शोधावेच लागते. टोपले विणणाऱ्याची युक्ती नेमकी तिथे असते. फोटोत हे सारे असते, पण फोटो काढणाऱ्याला ते शोधावे लागत नाही.

इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. ते जरूर घ्यावेत. पण सूत्राने गुण मिळतात, नजर मिळत नाही.

दिवाळीत माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात. त्यांतला एक गडवा घासण्याआधी अर्धा तास खिडकीत ठेवा. लख्ख पितळेत सारी खोली उमटते आणि छटा हरवते. काळपट पडलेल्यावर ती शांतपणे वाचता येते. चित्र जमले नाही तरी चालेल. कुठे बोट थांबते, तेवढे पाहा.