खेकड्याचे गणगोत

सोयगाव तालुक्यात अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाघूर नदी वळसा घेऊन जाते. तिच्या पात्रातील दगड उलटला असता खेकडा हाती लागतो, हे लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु याच खेकड्याचे गणगोत समुद्रात, विहिरीत, पावसाळी डबक्यात, एवढेच नव्हे तर ओल्या पालापाचोळ्याखालीही नांदत असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंगावर कठीण कवच, सांधे असलेले पाय व डोक्यावर स्पर्शिकांच्या दोन जोड्या ही या वर्गाची ओळख होय. शास्त्रज्ञ यांस कवचधर प्राणी म्हणतात. त्यांच्या ६०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत.

समुद्रातील कोळंबी, शेवंड व चिंबोरी कोकणात सर्वपरिचित आहेत. जपानच्या समुद्रातील एका खेकड्याचे पाय पसरले असता साडेतीन मीटरांहून अधिक अंतर व्यापतात. उलटपक्षी, आपल्या विहिरीतील सायक्लॉप्स हा त्याचाच भाऊबंद नुसत्या डोळ्यांस जेमतेम ठिपक्याएवढा दिसतो. दख्खनच्या पठारावरील डबक्यांत पाठीवर पोहणारे नाजूक झिंगे आढळतात. डबके आटले की ते मरतात. मात्र त्यांची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षे तग धरतात व पाऊस पडताच फुटतात.

अजिंठ्याची लेणी मनुष्याने कोरलेली आहेत. नैसर्गिक गुहांतील सृष्टी निराळीच. बहामा बेटांतील पाण्याने भरलेल्या गुहांत सापडलेल्या, डोळे नसलेल्या एका गटाचे वर्णन १९८१ साली प्रसिद्ध झाले. कीटकांचे अगदी जवळचे नातलग तेच, असे अलीकडील संशोधन सांगते. गुहा नसल्या तरी आपल्या पायाखालचे भूजल ही एक प्रकारची गुहाच होय. आंध्र प्रदेशात कृष्णा-गोदावरीच्या परिसरातील भूजलातून असे अंध, रंगहीन जीव मिळाले आहेत.

सायक्लॉप्सविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. नारूचा रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली. जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात पडत. सायक्लॉप्स त्या गिळी, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून सुमारे वर्षाने नवा नारू बाहेर येई. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाणी शेंदण्याची सोय करणे व टेमेफॉस हे औषध पाण्यात टाकणे या उपायांनी रोग हटला. देशातील अखेरचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला.

म्हणून सर्वच कवचधर अपायकारक समजू नयेत. सूक्ष्म कवचधर शेवाळ खातात व मासळीच्या पिल्लांचे अन्न होतात. खेकडे व झिंगे कुजका पाला फस्त करतात. कीटकांशी यांचे नाते निकटचे असल्याने कपाशीवर बोंडअळीसाठी फवारावयाची पायरेथ्रॉइड गटातील औषधे यांनाही अत्यल्प मात्रेत मारक ठरतात. फवारणी पंप ओढ्यात धुण्याची चाल यास्तव सर्वथा त्याज्य आहे. पंप शेतातच तीन वेळा विसळावा व ते पाणी फवारलेल्या पिकावरच मारून संपवावे. ओढ्यालगतच्या काही ओळी फवारणीशिवाय सोडाव्यात. एकाएकी मेलेले खेकडे काठाला दिसू लागल्यास ग्रामसेवकांनी त्या ठिकाणचे पाणी गुरांस पाजू देऊ नये व कृषी सहायकांस तत्काळ कळवावे.

राहता राहिला बांधांचा प्रश्न. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले व त्यावरून पुष्कळ थट्टा झाली. खेकडा मातीत बिळे करतो व बिळांतून पाणी झिरपू शकते, हे खरे. परंतु निगा राखलेला बांध एकट्या खेकड्याने ढासळेल असे मानणे कठीण आहे. पाझर तलावाचा भराव पावसाळ्यापूर्वी पायी फिरून पाहावा, आढळलेली बिळे खणून मोकळी करावीत आणि चिकणमाती थराथराने ओली करून ठोकून भरावी. बिळात विष ओतू नये. ते अखेर तलावातच उतरते.