संभाव्यतेचे गणित (लेखांक ९) : परतावा आणि हाउस एज

युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात : १ ते ३६ हे आकडे आणि एक शून्य. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आकडा आला, तर लावलेले १०० परत मिळतात आणि वर ३,५०० रुपये. हातात एकूण ३,६००. सगळ्या ३७ घरांवर प्रत्येकी १०० रुपये लावून पाहिले की या भावातली मेख उघड होते. टेबलावर ३,७०० रुपये जातात, चेंडू कुठेही पडला तरी ३,६०० परत येतात आणि १०० रुपये कॅसिनोकडे राहतात. लावलेल्या रकमेचा हा ३७ वा भाग, म्हणजे २.७० टक्के, हा रूलेटचा हाउस एज. उरलेले ९७.३० टक्के म्हणजे परतावा.

यासाठी कॅसिनोला कसलीही हातचलाखी करावी लागत नाही. उलट चाक जितके निर्दोष, तितका कॅसिनोचा हिशेब पक्का. झुकलेल्या चाकाचा फायदा चाणाक्ष खेळाडूच उठवतो. सगळी कमाई खरी शक्यता आणि दिलेला भाव यांच्यातल्या फरकातून होते.

लाल-काळ्यावर लावणाऱ्याची बाजू अधिक सुरक्षित, असा समज आढळतो. १८ घरे लाल, १८ काळी. शून्य यांपैकी कशातच नाही आणि ते आले की दोन्ही रंगांवरचे पैसे जातात. म्हणून इथेही तेच २.७० टक्के. फ्रेंच पद्धतीच्या काही टेबलांवर शून्य आल्यास अशा डावाची अर्धी रक्कम परत देतात. तिथे हा आकडा १.३५ वर येतो. अमेरिकी चाकावर दुहेरी शून्याचे ३८ वे घर असते, भाव मात्र तोच ३५ पट, त्यामुळे हाउस एज ५.२६ टक्के होतो. एकाच शून्याचे चाक फ्रान्स्वा आणि लुई या ब्लां बंधूंनी १८४३ मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्ग येथे आणले, ते इतर जुगारगृहांची गिऱ्हाइके खेचण्यासाठी. वाटा कमी घेतला तरी धंदा वाढतो, हे त्यांनी ओळखले होते. फ्रान्स्वा ब्लांने १८६३ मध्ये माँटे कार्लोच्या कॅसिनोचा कारभार हाती घेतला.

आपल्याकडच्या मटक्याचा रूढ भाव या मोजपट्टीवर धरून पाहावा. दहांपैकी एक आकडा लागला की रुपयाला नऊ रुपये. म्हणजे चालवणाऱ्याचा वाटा तब्बल १० टक्के, अमेरिकी रूलेटच्या जवळपास दुप्पट.

परताव्याच्या टक्केवारीबाबत सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, १०० रुपये घेऊन गेलेला माणूस सरासरी ९७ रुपये ३० पैसे घेऊन परततो. ही टक्केवारी खिशातल्या रकमेवर लागू होत नाही. ती प्रत्येक फेरीला लावलेल्या रकमेवर लागते, आणि तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात. समजा कोणी ५,००० रुपये घेऊन बसला, दर फेरीला लाल रंगावर १०० रुपये, तासाला ४० फेऱ्या, असे चार तास. एकूण १६,००० रुपये लावले गेले आणि सरासरी तोटा झाला ४३२. खिशातल्या रकमेच्या मानाने हा तोटा ८.६४ टक्के. कॅसिनोच्या हिशेबात ‘होल्ड’ म्हणतात तो हा दुसरा आकडा. तो हाउस एजपेक्षा सहसा मोठा दिसतो, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये.

वेगाचा परिणाम तर याहून मोठा. ९२ टक्के परताव्याच्या स्लॉट मशीनवर केवळ १० रुपयांचा डाव घेतला, पण तासाला ६०० वेळा बटण दाबले, तर चार तासांत २४,००० रुपये फिरतात आणि सरासरी १,९२० जातात. दहाची नोट शंभराच्या नोटेपेक्षा चौपटीहून महाग पडते.

तरीही त्या लाल रंगावर खेळणाऱ्यांपैकी तीनांत एक जण १६० फेऱ्यांनंतर फायद्यातच उठतो. एकट्या माणसाच्या बाबतीत नेहमीचा चढउतार सुमारे १,२६५ रुपयांचा, म्हणजे सरासरी तोट्याच्या जवळजवळ तिप्पट असतो. म्हणूनच जिंकल्याच्या कहाण्या खऱ्या असतात. असे १०,००० खेळाडू एकत्र धरले की त्यांचा मिळून सरासरी तोटा ४३ लाख २० हजारांवर जातो आणि चढउतार फक्त सव्वा लाखाच्या आसपास राहतो. नशिबाचा खेळ कॅसिनोपुरता ठरलेले उत्पन्न बनतो तो असा.

चाकाला आठवण नसते, हे १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोत अनेकांना भारी पडले. काळा रंग सलग २६ वेळा आला, आणि आता लाल येणारच म्हणून लोक लाखो फ्रँक हरत गेले. हरल्यावर डाव दुप्पट करण्याची युक्तीही इथेच अडकते. १०० पासून सुरुवात करून सलग आठ वेळा हरण्याची शक्यता सुमारे २०७ मध्ये एक, पण तेव्हा २५,५०० रुपये गेलेले असतात. सरासरी काढली तर अशा एका प्रयत्नात ८८० रुपये फिरतात आणि २४ जातात, म्हणजे पुन्हा तेच २.७० टक्के.

पत्त्यांच्या खेळांत भाव वाचण्याला जास्त महत्त्व. बॅकारामध्ये बँकरवरचा डाव १.०६ टक्के, प्लेअरवरचा १.२४, पण बरोबरीवरचा आठपटीचा डाव १४.३६ टक्के खातो. ब्लॅकजॅक झाल्यावर शंभराला दीडशेऐवजी १२० रुपये देणारे टेबल कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढवते.

स्लॉट मशीनचा हिशेब मात्र बाहेरून मांडताच येत नाही. इंगे टेल्नेस यांना १९८४ मध्ये मिळालेल्या अमेरिकी पेटंटनंतर निकाल संगणक ठरवतो. मोठ्या बक्षिसाचे चित्र चाकावर दिसते तितक्या वेळा येत नाही. कायद्याने ठरवलेला किमान परतावा, उदाहरणार्थ नेवाडातला ७५ टक्के, एवढाच खेळाडूला आधार.

कॅसिनोंना परवानगी देणारा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. इथल्या खेळाडूचा संबंध येतो तो गोव्याशी. तिथे या गणितात कराची भर पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. ५,००० रुपयांच्या चिप्सवर तो २,००० होतो, वरच्या रूलेटच्या चार तासांतल्या सरासरी तोट्याच्या साडेचारपटीहून अधिक. जिंकलेल्या रकमेतून पुढचा डाव लावला तर त्यावर कर पुन्हा लागत नाही. हाउस एज मात्र प्रत्येक फेरीला लागतो.